दंडाच्या पावत्या

पन्नास वर्षं होतायत, चळवळीचा इतिहास लिहायचाय,
म्हणाला धर्मप्रांताच्या कचेरीतून आलेला पोरगा,
आणि टेबलावर यंत्र ठेवून
माझ्या तोंडाकडे बघत बसला.
मी काय सांगणार? मी बटाटे सोलत होते.
दर जुलैत पंधरा दिवस, पस्तीस पोरं,
दिवसाला चार बादल्या.

मग फळीवरून बिस्किटांचा डबा काढला.
घे, म्हटलं, यात आहे तुझा इतिहास.
वालेंटीने एकही पावती फेकली नाही,
तो गेला तेव्हा कोटाच्या खिशातही एक सापडली.

त्र्याहत्तर. पाचशे झ्लोटी.
परवानगीवाचून माणसं मुक्कामाला ठेवली.
आम्ही सांगितलं, भाचरं आहेत.
पस्तीस भाचरं? शिपायाने मोजून विचारलं.
वालेंटी म्हणाला, बेस्किदच्या डोंगरात
गोतावळा मोठाच असतो, साहेब.

चौऱ्याहत्तर. आरोग्य खात्याचा माणूस.
विहीर स्वच्छ निघाली,
म्हणून दंड झाकणाला.

पंच्याहत्तर. शेणाचा ढीग रस्त्याला दोन पावलं जवळ.
ढीग आजेसासऱ्यांपासून तिथेच होता, रस्ता नंतर आला.
त्या साली गाय विकली.
ते पावतीवर नाही.

हेही नाही, की मिस्सा व्हायची कोठारात,
बिजागऱ्यांतून काढलेलं दार दोन पिंपांवर टाकून.
रात्री तेच दार परत बसवायचं, नाहीतर थंडी.
फादर झेनोन म्हणायचे, वेदीने वारा अडवला
तर देवाला राग येत नाही.
गाण्यांचे कागद टाइप केलेले, खाली चार कार्बन,
पाचवी प्रत कुणालाच वाचता यायची नाही,
म्हणून मागच्या रांगेतली पोरं नुसती गुणगुणायची.
मला चुलीपाशी तेवढंच ऐकू यायचं.
अजून शब्द येत नाहीत मला, चाल येते.

मौनाचा दिवस असायचा एक.
पस्तीस तरुण तोंडं बंद.
आमचं कुत्रं, बुरेक, इतकं घाबरलं
की संध्याकाळपर्यंत एकटंच भुंकत राहिलं.
रात्री खाणगावातली ती इरमिना
बाप वारल्यावर पहिल्यांदा रडली, कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसून.
कुणी काही बोललं नाही. मौनच होतं ना.

आता ही सत्त्याहत्तरची बघ.
मागे यादी जोडलीय. आडनावं, गावं, कॉलेजं,
एका अक्षराची चूक नाही.
आणि शिपाई असा, की त्याला
स्वतःची सही धड जमत नव्हती.

आडनावं माझ्याकडे नसायचीच.
मी एवढंच विचारायचे, जेवायला किती.
एक पोरगा मात्र सगळ्यांना विचारत फिरायचा,
तुझं पूर्ण नाव काय, वडील कुठे कामाला.
भांडी घासायला सर्वांआधी तोच उठायचा.
थंड पाण्याने हात फुटलेले, तरी.
मला कळलं होतं.
वालेंटीला सांगितलं नाही, तो दांडक्याचा माणूस.
फक्त त्याला वाढताना
मी डाव तळापर्यंत न्यायचे,
मांस तळाशी असायचं.
का, ते मला आजही धड सांगता येत नाही.
दया म्हण. किंवा त्याला लाज वाटावी म्हणून म्हण.

नाव काय त्याचं?
यंत्राचा लाल दिवा माझ्याकडे बघत होता.
मी म्हटलं, वय झालं बाबा, लक्षात नाही.

कोठाराच्या जागी आता भवन आहे,
साठ खाटा, नळाला गरम पाणी.
गेल्या जुलैत अकरा पोरं आली.
त्यातली दोन मोबाइलला रेंज नाही म्हणून परत गेली.
अकरांनाही भूक लागतेच.

पावत्या ने, पण डबा परत आण, त्यात मी बटणं ठेवणार आहे.
आणि समारंभाला जुनी माणसं येतील म्हणतोस,
पहिल्या रांगेत बसतील, पांढऱ्या केसांची, टाय लावून.
येऊ देत. सगळी येऊ देत.
तू आडनावं पाठवू नकोस.
मला एवढंच कळव, जेवायला किती.