अशदोदहून आलेलं खोकं

रोझीआत्याचं खोकं आलं,
कस्टमने उघडून पुन्हा वाकडंतिकडं चिकटवलेलं.
आत बावीस लाकडी अक्षरं,
मशीनमध्ये धुता येईल असा कापडी सेफेर-तोरा,
प्लास्टिकच्या दोन मेणबत्त्या, बुडाशी बटण,
जाड पानांचं एक पुस्तक,
आणि चिठ्ठी : आत्तापासून सवय लावा गं,
नंतर उशीर होतो.

तिरझा चौदा महिन्यांची.
माझगावच्या दुसऱ्या मजल्यावर चादर अंथरून
मी सगळं मांडलं, भाजीवालीसारखं,
आणि बेन्झीला म्हटलं, निवड.
तो म्हणाला, तूच बघ,
मला भेंडीसुद्धा निवडता येत नाही.

पुस्तकातल्या घराला धुराडं आहे.
शुक्रवारची तयारी करणाऱ्या आईच्या पायांत लोकरी मोजे,
टेबलावर वेणी घातलेला पाव.
आमच्याकडे रुमालाखाली दोन चपात्या असतात,
पेल्यात मनुकांचं सरबत,
सकाळी भिजवून हातानेच कुस्करलेल्या मनुका.
हे कुठल्याच पानावर नाही.
मी पेन घेऊन वेणीवर चपाती काढायला बसले.
गुळगुळीत कागद शाई धरेना.
तिरझाने अंगठ्याने पुसून टाकली,
ती निळी झाली, पाव होता तसाच.

मेणबत्तीचं बटण तिला लगेच कळलं.
चालू. बंद. चालू. बंद.
बुधवारच्या दुपारी सतरा वेळा
शब्बाथ आला आणि गेला.
मी सेल काढून टीव्हीच्या रिमोटला घातले.
आपला तेलाचा दिवा कुणी विझवत नाही,
तो त्याच्या वेळेने संपतो,
आपण जेवतो, बोलतो, अधूनमधून त्याच्याकडे बघतो.
याला बटण कुठून आणू?

सिनॅगॉगमधल्या रविवारच्या वर्गात
तीन वर्षांखालचं मूल घेत नाहीत.
घेतात त्या वयाची तरी चारच आहेत.

अक्षरं मात्र ठेवली.
रंग पोटात गेला तर, म्हणून आत्याला फोन केला.
ती हसली. इथे सगळी पोरं चघळतात, म्हणाली,
तुझा नवरासुद्धा माझी जपमाळ—
नाही, ते दुसऱ्या कुणाचं, जाऊ दे.
अलेफचा एक कोपरा आता गेलाय.
लामेद समोरच्या नसीमला तिच्या चपलांत मिळालं.
तळहातावर धरून घेऊन आली, जपून,
जणू गरम आहे.
काय लिहिलंय यावर, तिने विचारलं.
अजून काही नाही, मी म्हटलं, एकच अक्षर आहे.
शिन मात्र सापडलंच नाही,
सोफा हलवला, कपाट हलवलं,
केरवालीला विचारून झालं.

परवा लसीला निघालो.
तिला कडेवर घेऊन मी कुलूप लावत होते,
तर तिने हात वर केला,
चौकटीवरच्या मेझुझ्याला बोट लावलं,
बोट ओठांना.
गेल्या वर्षी रंगाऱ्याने तो चौकटीसकट रंगवून टाकलाय,
त्यावरचं शिन आता दिसत नाही,
हाताला लागतं फक्त.
मी तिला हे शिकवलं नव्हतं.
मी स्वतः रोज करते का, तेही आठवेना.

मग लिफ्टच्या जाळीला बोट, ओठांना.
औषधाच्या दुकानाच्या शटरला. टॅक्सीच्या दाराला.
डॉक्टरांच्या दाराला आत जाताना,
आणि सुई टोचून झाल्यावर, भोकाड पसरलेलं असताना,
बाहेर येतानाही.
कुठल्या दाराला करायचं नि कुठल्या नाही
हे अगदी जिभेवर आलं होतं माझ्या.
मी नुसता तिचा हात पुसला. काळा झाला होता.

रात्री आत्याला लिहिलं :
खोकं पोचलं, सगळं उपयोगी पडतंय.
कापडी तोरा ती पांघरून झोपते, चालेल ना?
एखादं शिन जादा असेल तर पाठव.
खोक्यात बेन्झीने कांदे भरलेत.