प्रॉम्प्टर

रुझारच्या तियात्राला परवाना मिळाला
तो फेस्ताच्या आदल्या संध्याकाळी, साडेसहाला,
अकरा ओळी वगळून.
कागदावर शिक्का, शिक्क्याखाली सही,
सहीत कुणाचंच नाव वाचता येत नव्हतं.
भावना दुखावल्याचा अर्ज होता म्हणे.
अर्जदाराने ते कांतार ऐकलं नव्हतं;
ते अजून कुणीच ऐकलं नव्हतं.

मी सावईवेऱ्याचा. जत्रेतल्या मराठी नाटकांचा
बत्तीस वर्षांचा प्रॉम्प्टर.
तो कुडतरीचा, रोमी लिपीतली वही मांडीवर घेऊन
जवळजवळ तितकीच वर्षं कुजबुजणारा.
आमची ओळख मडगावच्या फार्मसीतली.
दोघांनाही घशाचं एकच औषध हवं होतं.
हळू बोलूनही घसा जातो,
हे ओरडणाऱ्यांना पटत नाही.

त्याच्या बापाच्या वेळी, पोर्तुगेजांच्या राज्यात,
वही आधी सरकारात जायची
नि निळ्या पेन्सिलीच्या रेघा घेऊन परत यायची.
रुझार म्हणाला, "पात्रांव, रंग तितलो बदल्लो."

त्या रात्री त्याने मला विंगेत बसवलं, स्टुलाशेजारी.
चौथं कांतार. पहिलं कडवं झालं,
ट्रंपेट थांबली,
आणि रुझारने टॉर्च विझवला.
नट पुढे उभा, तोंड उघडं.
ते त्याने मिटलं नाही
अकरा ओळींएवढा वेळ.
अंधारात रुझार मांडीवर बोटांनी मोजत होता,
यमकाच्या जागी किंचित थांबत.
बाहेर चणेवाल्याची कढई वाजली.
एका मुलाने विचारलं, "सोंपलें?"
त्याला कुणी गप्प केलं नाही.
हवालदार मोबाइलवर सगळं टिपत होता.
नंतर वहीत काय लिहायचं त्याला कळेना.
शेवटी लिहिलं: वारा होता.

टाळ्या झाल्या का, असं घरी विचारलं मला.
नाही झाल्या. लोक खुर्च्या सरकवून
नीट बसले, इतकंच.

पहाटे त्याच्या पडवीत सान्नां खाल्ली. मला नुसती,
माझं पथ्य त्याला ठाऊक.
मग त्याने सहज विचारलं,
"आणि तुमच्या जत्रेत, मास्तर? किती ओळी गेल्या?"

आमच्याकडे परवाना नव्हता लागला, रुझार.
अर्ज आला नाही, शिक्का आला नाही.
कमिटी बसली, चहा झाला,
कुणीतरी बशी खाली ठेवत म्हणालं,
तिसऱ्या अंकातला वाटसरू यंदा नको.
वाटसरूचं कुणाला वावडं नव्हतं.
पण ते काम मकदूम करतो,
फोंड्याचा कल्हईवाला. वीस वर्षं.
आमचा राजवाड्याचा पडदा, जंगलाचा पडदा
त्याच्या बापाने रंगवलेला. तो मात्र लागला.

मी लाल पेनाने दीड पान कापलं.
पट्टी घेतली होती.
रेघ सरळ यावी म्हणून.

मकदूम आला होता त्या रात्री.
खाज्यांच्या दुकानामागे उभा, घरच्या कपड्यांत.
जिथे त्याने यायचं
तिथे नायिकेने दिवा लावला नि पुढे गेली.
काहीच अडलं नाही.
लोक म्हणाले, यंदा आटोपशीर झालं.
विंगेतून मला त्याचे ओठ दिसत होते.
हलत होते.
एका ठिकाणी अडखळले,
नेहमी तिथेच अडखळतो तो,
आणि मान माझ्याकडे वळली, सवयीने.
माझ्या हातात वही होती. टॉर्च पेटलेला होता.

रुझार काही बोलला नाही बराच वेळ.
कोंबडा आरवला, पाववाल्याचा भोंपू
चर्चच्या वळणावरून येऊन गेला.
मग त्याने विचारलं, "खंयचें उतर?"

मी सांगितला तो शब्द,
इतक्या हळू
की त्याला पुन्हा विचारावं लागलं.