अकरा मीटर

धक्क्याच्या शेवटच्या फळीला रौनीनं
सुतळीनं बांधलाय एक थर्मामीटर.
सकाळी सहाला ती तो वर ओढते,
चष्मा कपाळावर सरकवून वाचते,
आणि होड्यांच्या किल्ल्या द्यायच्या की नाही ते ठरवते.

आज चोवीस.
जुलैचा तिसरा आठवडा. वारा नाही.
तळं असं पडलंय, जणू कुणी
तव्यावर तेल ओतून विसरून गेलं.

"चोवीसला हाउकीच्या वाटेला जायचं नाही."
हाउकी म्हणजे आमचा लांबतोंड्या, दातांचा मासा,
तापल्या पाण्यात झुंजून दमला
की गेलेला श्वास परत सापडत नाही त्याला.
हेल्सिंकीहून खास हाउकीसाठी आलेले दोघे
तिला पाण्यात पाहतात,
आणि ती, खरोखरच, पाण्यात पाहत बसते.

पाहून सांगते:
रात्रीच्या वाऱ्यानं ज्या काठाला कचरा लोटलाय तिथे जा,
मेलेल्या माश्या, परागांची पिवळी साय.
बारके मासे तिथे, मोठे त्यांच्या मागे.
दुपारी लव्हाळ्यात काही नाही, डास सोडून.
दोर बारीक घ्या. स्वतःची सावली पाण्यावर पाडू नका.
आणि बियरची बाटली दोरीला बांधून खाली सोडा,
जिथे ती गार होईल
तिथून खालचं तळं वेगळं.
हे शेवटचं ती गंमत म्हणून सांगत नाही.

मला वाटायचं, मला या तळ्याचा थांग लागलाय.
एकोणीस वर्षांचा मी, तिच्याकडचा तिसरा उन्हाळा,
होड्यांतलं पाणी उपसायचं, इंजिनं पुसायची.
भर बाराला एकटाच निघालो
उभ्या खडकासमोर, जिथे तळ एकदम खचतो.
अकरा मीटर.
शिसं टेकलं, दोर सैल पडला.
दोनदा उचलला. तिसऱ्यांदा जड.

कुहा.
काचेचे डोळे, पाठीवर काटेरी शीड.
वर येता येता हलका होत गेला,
शेवटचे दोन मीटर तर त्यानं ओढलंच नाही,
आणि मी मूर्ख, खूश.
पट्टीवर ठेवला. अडतीस.
बेचाळीसच्या आतला सोडायचा, असा नियम.
सोडला.

तो गेला नाही.
पोट टरटरून फुगलेलं,
तोंडातून गुलाबी फुग्यासारखं काहीतरी बाहेर,
कुशीवर पडून एकच पर हलवत राहिला
जसा झोपेत कुणी चादर शोधतो.
वल्ह्यानं खाली ढकलला. वर आला.
पुन्हा ढकलला.
वर आला.
खायचा नाही, ठेवायचा नाही,
नियम पूर्णपणे माझ्या बाजूनं.
मग सीगल आला. त्याच्याकडे पट्टी नव्हती.

रौनीला काही सांगितलं नाही.
तिनं माझे हात पाहिले,
बोटांवर सुकलेले खवले.
"किती खोल?"
"अकरा."
तिनं कॉफी ओतली. साखरेचा खडा दातात धरला.
खडा विरघळेपर्यंत बोलली नाही.
"बाटली अकरा मीटरवरून ओढलीस तरी फुटत नाही, वेइक्को.
तो बाटली नव्हता."

रात्री साडेदहाला, ऊन अजून पाइनच्या शेंड्यांवर,
वल्ही तिनं स्वतः घेतली.
लव्हाळ्याची कड, दीड मीटर पाणी,
गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट केलेला.
ताइस्तोच्या सॉनाचा धूर पाण्यावर आडवा झोपलेला.
बोया दोनदा थरथरला, मग नव्हताच.
पट्ट्यापट्ट्यांचा आहवेन, वीतभर.

माझा हात पुढे गेला.
तिनं मनगट धरलं,
आणि आधी तळ्यात बुडवलं,
सावकाश, कोपरापर्यंत,
जणू सकाळचं थर्मामीटर बुडवते आहे.
बराच वेळ तसंच ठेवलं.
मग म्हणाली, आता धर.