दोन पानं एकदम

दुपारी तीनच्या फेरीबोटीने रायबंदरहून दिवाडीला जाते.
पिशवीत कादंबरी, चष्मा, आणि आक्विलिनासाठी डोळ्यांचे थेंब,
ज्यांचा आता उपयोग नाही
हे आम्हा दोघींना ठाऊक आहे.

पुस्तक तिच्या भाचीने पाठवलेलं, इंग्रजी.
मी वाचते, मराठीत सांगते,
ती मनातल्या मनात कोंकणी करून घेते.
एकेक वाक्य तीन घरं फिरून
बाल्कावात टेकतं.

गोष्ट एका कुटुंबाची. बाप इगर्जीची घंटा वाजवणारा.
चार मुलं. तिसरा, आन्सेल्म,
एका रविवारी सगळी रांग कुमसांवासाठी उठते
आणि तो बाकावर बसून राहतो.
पहिल्या शंभर पानांत एवढंच घडतं.
मी तसं म्हणाले, तर आक्विलिना हसली.
‘एवढंच? अगो, ह्याहून मोठं काय घडायचं?
रांग उठते तेव्हा बसलेला माणूस
डोंगराएवढा दिसतो.’

मला ते कळायला वेळ लागला.
आमचा धाकटा भाऊ देवाला हात जोडेनासा झाला
तेव्हा आईने त्याच्याकडे नुसती वाटी सरकवली होती:
एवढा नारळ खवून दे.

तिचा झेफेरिन लिस्बनला.
मी दिवाडीच्या पोस्टात होते, एकवीस वर्षं.
दर महिन्याचं पत्र, मग नाताळचं कार्ड,
मग छापील बर्फाखाली नुसतं नाव.
पाकीट हलकं होत गेलं
ते तिच्या आधी माझ्या हाताला कळलं.

काल रात्री घरी मी पुढची पानं वाचून ठेवली.
बाप खाटेवर. मुलाचं पत्र येतं:
मी येईन, पण प्रार्थना म्हणणार नाही,
खोटं तुमच्या उशाशी बसून बोलवणार नाही.
बहीण ते बापाला मोठ्याने वाचून दाखवते.
सगळं. शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत.

म्हणून आज त्या जागी आले
तेव्हा थेट स्वयंपाकघरात शिरले,
जिथे दोघी बहिणी दोदोल ढवळतायत अशी माझी मराठी होती
(पुस्तकात कसलातरी केक आहे).

‘थांब,’ आक्विलिना म्हणाली.
‘दोन पानं एकदम उलटलीस.’

पदेराचा भोंगा दूर वाजला, वळणावर विरला.

‘पोस्टातही अशीच होतीस तू.
सप्टेंबरातलं पत्र मला नोव्हेंबरात दिलंस.
तेव्हा मला शिक्का वाचता येत होता, कुमुद.’

कायतान तेव्हा खाटेवर होता.
रोज संध्याकाळी तेर्स म्हणताना
मुलाच्या नावाशी त्याचा आवाज किंचित चढायचा,
रस्त्यापर्यंत यायचा.
लिस्बनच्या त्या पाकिटात काय आहे
ते मी उघडलं नव्हतं. शपथ.
नुसतं तोललं होतं.
खणात ठेवलं, मनिऑर्डरच्या फॉर्मांखाली,
त्याला मातीत ठेवून सात दिवसांचा मीस होईपर्यंत.

हे कुणाला सांगितलं नव्हतं.
आता सांगायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली,
‘वाच गो.’

मागे गेले. वाचलं. सगळं.
बाप पत्र ऐकतो आणि म्हणतो,
बरं झालं, त्याला वळण आहे माझं.
आणि उशी सरळ करायला सांगतो.

आक्विलिना बराच वेळ गप्प होती.
हातातली जपमाळ एकाच मण्यावर.
तिला काय वाटलं मला माहीत नाही.
कायतान हेच म्हणाला असता का,
की भिंतीकडे तोंड करून पडला असता,
हे माझ्या खणाने तिला कधी कळू दिलं नाही.

पुढच्या प्रकरणात अंत्ययात्रा.
आन्सेल्म इगर्जीच्या दाराशी, बाहेर,
हातात लोकांच्या ओल्या छत्र्या.
मी पान उलटणार,
इतक्यात संध्याकाळची घंटा झाली.
तिने क्रूस केला, ओठ हलले.
कुणासाठी, विचारलं नाही. पानात बोट घालून बसले.

‘आज इथेच राहू दे,’ ती म्हणाली.
‘उभा राहू दे त्याला.
आत यायचं की नाही, त्याचं त्याला ठरवू दे.
ओढू नको.’

परतीच्या बोटीत दिवे लागले होते.
मांडीवर पिशवी, पिशवीत पुस्तक.
मांडवीचं पाणी लोखंडावर आपटत होतं.
मी चष्मा काढून घरात ठेवला.