दोरा

चेर्स्कीच्या विमानतळावर
सामान तोलते मी, अकरा वर्षं झाली.
काउंटरवर पृथ्वीचा गोल आहे,
शाळेनं टाकून दिलेला.

फेव्रोनिया आजी येते, रोज तेच विचारते :
ओलेन्योक किती लांब?
आज तिनंच पिशवीतून दोरा काढला.
एक टोक कोलिमाकाठी, दुसरं लेकाच्या गावी.
ताणला, तर मधून आपसूक
वर सरकला, समुद्राकडे.
"सरळ नको का जायला?"
हेच सरळ, आजी.
जेमतेम तीन बोटं. एकोणीसशे किलोमीटर.
सव्वाचार तास, मधे कुठं न उतरता.

"आणि असं विमान?"

नाही. आधी याकुत्स्क, खाली, पार खाली,
तिथं हवा उघडेपर्यंत बाकावर झोपायचं,
मग पुन्हा वर.
कधी चार दिवस. कधी अख्खा फेब्रुवारी.

"सूर्य बरा," ती म्हणाली,
"इथून निघतो, तीन तासांत त्याच्या दारात.
वजन नाही ना काही."

मग गोठलेले मुक्सून, सहा किलो चारशे,
वर्तमानपत्रात गुंडाळून
त्याच दोऱ्यानं बांधले तिनं,
दोन गाठी मारून.

उरलेलं टोक दातानं तोडलं.