तीसपर्यंत

गेंदा पावरा दुकान उघडायच्या आधीच येऊन बसलेला.
गोणपाटात आजाची रायफल, काळ्या दारूची,
खिशात सात काडतुसं. सातही मारलेली, सातही मुकी.
"काय व्हयनं?"
"ठक्क. बस्स. डुकरानं माझ्याकडं पाह्यलं,
मग परत मका खायला लागलं."

काडतुसं मी उन्हात पालथी मांडली, टोप्या वर.
आधी टोपीवरची खळी बघायची.
बंदूक खोटं बोलते, बंदूकवाला तिच्याहून जास्त,
खळीला ते जमत नाही.
खोल असून बार नाही, तर टोपी मेलेली.
उथळ, तर ठोकाच आजारी.
कडेला सरकली, तर खिळा बघ.
आणि दुसऱ्या ठोक्याला उडते ती नीट बसलेलीच नसते,
पहिला ठोका तिला बसवण्यात जातो.
माझा धाकटा भाऊ असाच दहावी झाला.

गेंदाच्या चार उथळ,
दुधाच्या सायीवर माशी बसून उडावी तशा.
तीन चांगल्या खोल.
एका अंगात दोन दुखणी.

"निवडणुकीत कुठं होती?"
"ठाण्यात. दोन्ही निवडणुका."
"तेल कोणी घातलं?"
"पगारे हवालदारानं. लई चांगला माणूस.
महिन्याला खोबरेल सोडायचा आत. काडतुसांनाही चोळायचा,
गंज नको म्हणून."

खिळा उपसला. शिरपूरची जानेवारीची सकाळ,
खोबरेल गोठून पांढरं मेण,
त्यात खिळा गोधडी घेऊन निजलेला.
रॉकेलमध्ये बुडवला तरी दुकानभर
न्हाणीतल्या रविवारचा वास.
पगारेला काय सांगणार?
माया टोपीच्या कडेनं आत झिरपते,
टोपी कुरकुर न करता मरते.

दुपारी अनेरच्या पात्रात, नव्या टोपीवर पहिला बार.
ठक्क.
गेंदाचा हात लगेच खटक्याकडं. मी मनगट धरलं.
"मोज. नळी वाळूकडं."
"किती?"
"तीस."
माझे वडील चारपर्यंत मोजायचे.
उजव्या हाताला बोटंही नंतर तेवढीच राहिली.

गेंदा त्याच्या बोलीत मोजू लागला.
अकराच्या पुढं मला काही कळेना.
पलीकडं धुणं आपटणारी बाई थांबली,
टिटवी दोनदा ओरडून गेली,
नळीच्या तोंडाशी एक मुंगी चढून उतरली.
तीस कधीच झाले असावेत.
तो अजून मोजतोय.
मीही मनगट सोडलेलं नाही.