सहअर्जदार

वाशी, सेक्टर सतरा. बँकेचा पहिला मजला.
एसी इतका, की फाईलची प्लास्टिकची कड
बोटाला गार लागते.
साहेब पानं उलटतात, पान चारवर थांबतात:
सहअर्जदार. वडील / आई / पती / सासरे.
यातलं कोण येईल सहीला?

कोणी नाही, मी म्हणते.
कोणी नाही असं कसं,
आडनावावरून तर तुम्ही इथल्याच.

इथलीच.
करावे गावात आमची चार मजली इमारत आहे,
खाली मोबाईलचं दुकान, वर भाडेकरू,
साडेबारा टक्क्यांत मिळालेल्या प्लॉटवर.
मिठागर गेलं तेव्हा आजोबांचा अंगठा उठला कागदावर,
माझ्यासाठी सही उठत नाही.
बाबा म्हणाले, जागा पोऱ्यांची हाय.
उलव्याचं स्थळ मी नाकारलं त्या रात्री
आईनं माझी बारावीची मार्कशीट
पिठाच्या डब्यामागून काढली, पिशवीत घातली,
दाराशी मात्र आली नाही.

त्याला तीन वर्षं झाली.

आता पहाटे पाचला जुईनगरहून निघते,
खांद्याला निळी थंड पेटी.
लोक माझ्यासाठी उपाशीपोटी थांबलेले असतात.
सानपाड्याचे दिवेकर, थायरॉइड.
नेरूळच्या मिसेस पणिक्कर, साखर,
ज्या दर वेळी मान फिरवून घड्याळाकडे बघतात.
सीवूड्सला एक बाळ होतं, त्याची शीर मला दोनदा चुकली
आणि मी जिन्यात बसून रडले, त्याच्यापेक्षा जास्त.
दहा वाजता माझ्या खांद्यावर बावीस माणसांचं रक्त असतं.
नाव, वय, बारकोड.

बिश्केकच्या कॉलेजचं पत्र मोबाईलमध्ये आहे.
पहिल्या वर्षाचे डॉलर इतके, हॉस्टेलचे इतके,
जेवण वेगळं, बर्फातले बूट वेगळे.
रुपया आठ पैशांनी घसरला की
माझी चार दिवसांची खानावळ जाते.
बातम्यांत त्याला किरकोळ घसरण म्हणतात.
मुली विचारतात, तिकडे खाशील काय?
मी दुसऱ्या वर्षाचं गणित घोकत असते.
तिसऱ्याकडे बघत नाही,
गच्चीच्या कठड्यावरून खाली बघू नये, तसं.

लॅबमध्ये आमची भिशी आहे. बारा जणी, महिना तीन हजार.
स्टीलच्या वाटीत चिठ्ठ्या, काढायला रिसेप्शनची फिलोमिना.
या महिन्यात नाव निघालं शेवंतामावशींचं.
त्या फरशी पुसतात.
तुर्भे स्टोअरच्या घरावर नवे पत्रे टाकायचेत त्यांना,
हे आम्ही सगळ्या दोन वर्षं ऐकतोय.
त्यांनी ओल्या हातानं चिठ्ठी माझ्याकडे सरकवली.
हिचं आधी, म्हणाल्या. पत्रे काय, गळायचे ते गळतात.
मी नको, नको म्हटलं. खोटं होतं ते.
पैसे घेताना माझा हात जराही थरथरला नाही,
सुईच्या वेळी थरथरत नाही, तसाच,
आणि याची लाज अजून जात नाही.

छत्तीस हजारांत तिकीट येतं. व्हिसाही, थोडं ओढून.
फी येत नाही.

मी शेवंतामावशींचं नाव सांगून बघते,
हळू आवाजात, उगाच.
साहेब हसत नाहीत, चांगले आहेत ते.
शेजारी, सहकारी असं नाही चालत, म्हणतात,
रक्ताचं नातं लागतं.
पान चार मला परत देतात,
सही हवी तिथे पेन्सिलची बारीक फुली मारून.

कागद घेताना दिसतं,
अर्ध्या बाहीतून, कोपराच्या खळीत
त्यांची एक ठळक, सरळ शीर आहे.
एका टोचणीत मिळेल अशी.
सवयीनं मी ती बघून ठेवते.